स्पर्शातून अभय : भेदरलेल्या श्वानाची सेवा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



जीवदया हा शब्द उच्चारताच या समाजाच्या डोळ्यांसमोर पांजरापोळ उभी राहते. पांजरापोळ म्हटले की गोमाता आठवते; परंतु मुंबईच्या पांजरापोळीचा जन्म श्वानांच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारच्या पोलिसांनी रस्त्यावरील कुत्री मारण्याची मोहीम उघडली. कुत्रे मारणाऱ्यास प्रत्येक कुत्र्यामागे इनाम मिळत असे. त्या लोभापायी घराच्या ओट्यावर बसलेली पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. तेव्हा प्रथम पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन, हिंदू आणि मुसलमान बांधवही त्यास सामील झाले. बाजार बंद राहिले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. रस्त्यावरच्या मुक्या जीवाचे प्राण वाचावेत, हा तिचा मूळ हेतू होता.

प्राण वाचविणे ही जीवदयेची पहिली पायरी होय. परंतु प्राण वाचले म्हणजे भय गेले, असे होत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या पायरीचा आहे. संकटातून सोडविलेल्या, पण मनातून भेदरलेल्या श्वानाला हाताच्या मृदू स्पर्शाने धीर कसा द्यावा, याचा हा विचार आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील मुलाने रस्त्यावर मार खाल्लेले, उपाशी असे एक कुत्रे उचलून आणले आहे. पशुवैद्याने जखमा बांधल्या, लस टोचली. घरात दूध-भाकरी आहे, निवारा आहे, माया आहे. तरीही ते कुत्रे आल्या दिवसापासून पलंगाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अंग चोरून बसले आहे. भांडे पडले की ते थरथरते. कोणी केरसुणी हातात घेतली की लघवी करते. माणसे निजल्यावर रात्री तेवढे खाते. चार दिवस घरचे लोक कौतुक करतात, आठव्या दिवशी कंटाळतात. पंधराव्या दिवशी लहान मुलगा प्रेमाने त्याला ओढून बाहेर काढू पाहतो आणि ते त्याच्या हातावर दात उमटवते. मग घरात एकच बोलणे सुरू होते, “हे कुत्रे उपकार जाणत नाही. जिथून आणले तिथे सोडून या.” ज्या जीवाला एकदा वाचविले, तो या घडीला पुन्हा रस्त्यावर जातो, आणि या वेळी पहिल्यापेक्षा अधिक भय घेऊन जातो. असे प्रसंग अनेक घरांत घडतात. यात कुत्र्याचा कृतघ्नपणा नसतो आणि घरच्या लोकांचा दुष्टपणाही नसतो. एकमेकांची भाषा न कळल्याने हे घडते.

कुत्र्याची भाषा प्रथम समजून घेतली पाहिजे. भ्यालेले कुत्रे शेपूट पायांत घालते, कान मागे टाकते, पाठ वाकविते. हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ते वारंवार जांभया देते, समोर अन्न नसताना ओठ चाटते, मान दुसरीकडे वळविते, डोळ्यांच्या कडेने पाहते तेव्हा बुबुळाशेजारचे पांढरे दिसते; याही भीतीच्याच खुणा होत. जांभई पाहून माणूस समजतो, त्याला झोप आली. मान वळविलेली पाहून समजतो, ते रुसले. प्रत्यक्षात ते “थोडे दूर राहा” असे सांगत असते. हे सांगणे कोणी ऐकले नाही की ते गुरगुरते, आणि गुरगुरणेही ऐकले नाही की चावते. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारू नये. ती त्याची शेवटची विनवणी असते.

हे भय येते कोठून? त्याची तीन कारणे मुख्य आहेत. पहिले बालपणाचे. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास जग ओळखण्याची एक खिडकी उघडी असते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे निरीक्षणे करून १९६५ साली ग्रंथरूपाने हा विषय मांडला. त्या काळात ज्या पिल्लाला माणसाचा प्रेमळ सहवास मिळाला नाही, त्यास पुढे माणूस हा अपरिचित आणि म्हणून भयंकर वाटतो. दुसरे कारण प्रत्यक्ष छळाचे: दगड, काठी, उकळते पाणी, वाहनाची धडक. तिसरे कारण पुष्कळदा दुर्लक्षित राहते, ते म्हणजे वेदना. कानातील पू, किडलेली दाढ, गोचिडांमुळे आलेला ताप, कमरेचे जुने दुखणे यांमुळेही कुत्रे हात लावू देत नाही. म्हणून स्पर्शसेवेचा आरंभ पशुवैद्याच्या तपासणीने व्हावा. दुखणे असलेल्या जागी प्रेमाने ठेवलेला हातही त्या जीवाला शत्रूचा हात वाटतो.

भय केवळ मनात राहत नाही, ते शरीरात उतरते. धोका जाणवला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, हृदय जलद चालते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. धोका क्षणिक असेल तर शरीर पुन्हा पूर्ववत होते. परंतु जो जीव महिनोन्महिने भीतीत राहिला, त्याचे शरीर सदैव पळण्याच्या तयारीत राहते. मान, खांदे, कंबर आणि शेपटीचे मूळ येथे हात लावला तर लाकडासारखा ताठरपणा जाणवतो. बोलून समजावता येत नाही अशा या शरीराशी संवाद साधण्याचे एक साधन म्हणजे स्पर्श.

येथे जैन दर्शनातील जीवविचार सहजच आठवतो. इंद्रियांच्या क्रमात स्पर्शेंद्रिय पहिले आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या एकेंद्रिय जीवांना तेवढे एकच इंद्रिय असते. श्वान हा पंचेंद्रिय जीव. त्याचे नाक आणि कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण. परंतु जन्मतः पिल्लाचे डोळे व कान बंद असतात. आईची ऊब आणि तिच्या जिभेचा स्पर्श याच त्याच्या पहिल्या ओळखी. ज्या दाराने जग त्याच्यापाशी प्रथम आले, त्याच दाराने विश्वासही आत येऊ शकतो.

आधुनिक शास्त्रानेही या दिशेने काही पाऊल टाकले आहे. माणसाच्या केसाळ त्वचेत असे सूक्ष्म मज्जातंतू आढळले आहेत की जे संथ आणि हळुवार गोंजारण्याला विशेष प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने हात फिरला तर हे तंतू सर्वाधिक जागृत होतात आणि तोच स्पर्श माणसास सुखद वाटतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक प्राणी-निवाऱ्यातील कुत्र्यांचा अभ्यास केला. नव्या निवाऱ्यात आल्यावर पहिले तीन दिवस कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल विशेष वाढलेले असते, असे त्यांना आढळले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, रक्त काढण्याच्या त्रासानंतर ज्या कुत्र्यांना वीस मिनिटे शांतपणे गोंजारले, त्यांच्यात ही वाढ रोखली गेली. या अभ्यासातील एक गोष्ट मनोरंजक आहे. आधीच्या पाहणीत स्त्रियांच्या गोंजारण्याचा गुण पुरुषांपेक्षा अधिक दिसला होता. पुरुषांना संथ, खोल आणि मृदू हात फिरविण्यास शिकविल्यावर तो फरक उरला नाही. तात्पर्य, हा गुण शिकून येणारा आहे. तो कोणा एकाची जन्मजात देणगी नव्हे.

शिकण्याची पद्धतही उपलब्ध आहे. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या १९३७ साली कॅनडात जन्मलेल्या बाईंचे सारे आयुष्य घोड्यांच्या सहवासात गेले. १९७५ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे मोशे फेल्डेनक्राईस यांच्या वर्गात प्रवेश घेतला. फेल्डेनक्राईस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्यूदोचे जाणकार. स्वतःच्या गुडघ्याच्या दुखण्यातून त्यांनी एक विचार विकसित केला होता : शरीराला अनोळखी पण सौम्य हालचालींचा अनुभव दिला, तर मज्जासंस्था जुनी ताठर सवय सोडून नवी सवय शिकते. लिंडाबाईंनी हा विचार माणसांवरून घोड्यांकडे नेला आणि पुढे कुत्री, मांजरे व इतर प्राण्यांकडे. त्यांची पद्धत ‘टेलिंग्टन टीटच’ या नावाने ओळखली जाते. नेहमीच्या मालिशमध्ये स्नायू रगडले जातात. येथे रगडणे नाही, केवळ त्वचा हळुवार हलविणे आहे.

तिची मुख्य क्रिया सांगण्यास अगदी सोपी आहे. कुत्र्याच्या अंगावर घड्याळाची एक लहानशी तबकडी कल्पावी. बोटांची पेरे सहाच्या आकड्यावर ठेवावीत. बोटे केसांवरून घसरू न देता, त्वचेसह, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक पूर्ण फेरा घ्यावा, पुन्हा सहावर यावे आणि तसेच पुढे नवापर्यंत जावे. असा सव्वा फेरा झाला की क्षणभर थांबावे, हात हलकेच उचलावा आणि शेजारच्या जागी दुसरा फेरा घ्यावा. दाब किती असावा? स्वतःची मिटलेली पापणी बोटाने हलविताना माणूस जितका जपतो, आरंभी तितकाच. दुसरी क्रिया कानांची. कानाचे मूळ अंगठा आणि बोटे यांत हलकेच धरून टोकापर्यंत संथपणे हात सरकवावा. बहुतेक कुत्र्यांना कानाची ही क्रिया आवडते. मात्र कान दुखत असेल तर ती वर्ज्य. तिसरी क्रिया म्हणजे मानेच्या बाजूपासून खांद्यावरून कमरेपर्यंत संपूर्ण तळहाताने दिलेला लांब, संथ हात.

परंतु या क्रियांपूर्वी एक मोठी तयारी असते, आणि यश बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असते. ती तयारी म्हणजे न शिवणे. पलंगाखाली बसलेल्या कुत्र्याला पहिले काही दिवस कोणीही हात लावू नये. त्याला एक निश्चित कोपरा, जुनी गोधडी, पाण्याचे भांडे आणि पळण्याची वाट द्यावी. घरातील एका शांत व्यक्तीने रोज ठराविक वेळी त्याच खोलीत, त्याच्याकडे पाठ अथवा कूस करून जमिनीवर बसावे. वाचावे, जप करावा, धान्य निवडावे. त्याच्याकडे रोखून पाहू नये, हाक मारू नये. जवळ थोडे खाद्य ठेवावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे मोल येथे कळते. धावपळ त्यांच्याने होत नाही. पण अठ्ठेचाळीस मिनिटे सामायिकात स्थिर बसण्याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्यांच्याइतके स्थिर बसणे दुसऱ्या कोणास जमणार?

काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, ते कुत्रे स्वतः जवळ येऊन हुंगते. त्या क्षणी झडप घालून कुरवाळू नये. त्याला हुंगू द्यावे आणि परत जाऊ द्यावे. असे पुष्कळदा झाल्यावर हाताची उलटी बाजू त्याच्या खांद्यास किंवा छातीच्या बाजूस अलगद लावावी. डोक्यावरून हात कधीही आणू नये. वरून येणारा हात त्याच्या आठवणीत मारणारा असतो. तीन ते पाच सेकंद स्पर्श करावा आणि हात काढून घ्यावा. मग पाहावे. ते हाताकडे सरकले, अंग टेकले, डोळे मवाळ झाले, तर त्याची संमती आहे. ते जागीच गोठले, ओठ चाटले, मान वळविली, दूर गेले, तर आजच्या दिवसापुरते पुरे. हलले नाही म्हणजे आवडले, असे समजू नये. अतिभयाने गोठलेले कुत्रेही हलत नाही. हा संमतीचा प्रश्न प्रत्येक वेळी, प्रत्येक दिवशी विचारावयाचा असतो.

संमती मिळाली की खांदे, छाती आणि मानेची बाजू येथून फेऱ्यांना आरंभ करावा. एका वेळी पाच मिनिटे पुरतात, पुढे दहा. पोट, पंजे, शेपटी आणि तोंड हे भाग सर्वांत शेवटी, आणि तेही त्याने स्वतःहून पुढे केले तरच. ताप, उघडी जखम, गाठ, सूज, हाड मोडलेले असता तसेच जेवणानंतर लगेच ही सेवा करू नये. सेवा करणाऱ्याने स्वतःचा श्वास संथ ठेवावा. मन रागात किंवा घाईत असेल त्या दिवशी केवळ शेजारी बसावे. हातातील ताण त्वचेला कळतो. चांगला परिणाम झाल्याची खूण अशी की कुत्रे दीर्घ सुस्कारा टाकते, अंग झटकते, कूस मोडून बसते किंवा डुलकी घेते.

दिवाळीच्या फटाक्यांची भीती हा अनेक घरांतील वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री धावाधाव करून उपयोग नाही. महिना-पंधरा दिवस आधीपासून रोज ठराविक जागी ही सेवा करावी, म्हणजे ती जागा आणि तो स्पर्श त्याला निर्भयतेशी जोडता येतो. त्या रात्री खिडक्या बंद कराव्यात, पडदे ओढावेत, पंखा किंवा रेडिओ लावावा आणि ते लपले असेल तेथेच राहू द्यावे. ते जवळ आले तर धीराचा हात जरूर द्यावा. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज बरोबर नाही.

या सेवेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. स्पर्श हा चमत्कार नव्हे. वर सांगितलेल्या पद्धतीवरील शास्त्रीय अभ्यास अजून थोडे आहेत. संथ गोंजारण्याने तात्पुरता ताण उतरतो, याला मात्र आधार आहे. तीव्र भीतीच्या कुत्र्याला नियमित दिनक्रम, पुरेसे फिरणे, बक्षीस देऊन शिकविणे आणि क्वचित पशुवैद्याने दिलेले औषधही लागते. औषध देण्यात पराभव मानू नये. शिवाय सुरक्षेबाबत हयगय नको. ज्याचे लसीकरण झालेले नाही, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याला गिळता येत नाही, ज्याचे वागणे एकाएकी बदलले आहे, अशा कुत्र्यास हात न लावता तत्काळ पशुवैद्यास कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे उमटल्यानंतर बचाव जवळजवळ अशक्य असतो. लहान मुलांना अशा कुत्र्यापाशी एकटे सोडू नये. दयेच्या भरात घरातील जीवाला अपाय झाला, तर ती दया अपुरी ठरते.

इतके करून फळ मिळते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील घटनेत सापडते. २००७ साली व्हर्जिनिया राज्यातील एका जागेवर धाड पडली आणि कुत्र्यांच्या झुंजी लावण्यासाठी पाळलेली सुमारे पन्नास कुत्री ताब्यात घेण्यात आली. तोवरचा रिवाज असा की झुंजीतील कुत्री धोकादायक मानून सरसकट मारली जात. या वेळी मात्र न्यायालयाच्या संमतीने तज्ज्ञांनी प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र पारख केली. अत्यंत आक्रमक म्हणून केवळ एकच कुत्रे निघाले. बाकीच्यांपैकी अनेकांचे खरे दुखणे आक्रमकता नव्हे, तर भय हे होते. माणूस जवळ आला की काही कुत्री जमिनीला सपाट चिकटून राहत. त्यांतील बावीस कुत्री युटा राज्यातील कनाब येथील प्राणी-आश्रमात गेली, इतर अन्य संस्थांकडे. धीराने, सहवासाने आणि हळुवार शिकवणुकीने त्यांतील पुष्कळ कुत्री पुढे कुटुंबांत राहिली. काही तर रुग्णांना आणि वाचायला शिकणाऱ्या मुलांना सोबत देण्याच्या कामी आली. ज्यांना जग क्रूर समजत होते, ती प्रत्यक्षात घाबरलेली होती.

अनेक जैन घरांत कुत्र्याला रोज पोळी घातली जाते, परंतु घरात घेण्याबाबत संकोच असतो. देवपूजा, सोवळेपणा, स्वयंपाकघराची शुचिता आणि कुत्र्याचा आहार हे प्रश्न खरे आहेत. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. प्रत्येकाने कुत्रे घरी आणलेच पाहिजे असेही नाही. अंगणात, वाड्याच्या पडवीत, सोसायटीच्या फाटकापाशी राहणाऱ्या कुत्र्यालाही हीच सेवा देता येते. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यावे, रोज एकाच वेळी, एकाच जागी खाऊ द्यावा, आणि त्याने परवानगी दिली तर दोन मिनिटे खांद्यावर हात फिरवावा. नंतर हात साबणाने धुऊन नित्यकर्मास लागावे. घरी पाळावयाचे असल्यास आहाराचा विचार पशुवैद्याशी बोलून आधीच करावा, म्हणजे पुढे जीवाची आबाळ होत नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणारा कायदा देशात १९६० साली झाला, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. कायदा मारणारा हात रोखू शकतो. हात धीर देणारा व्हावा, हे मात्र ज्याचे त्याने करावयाचे असते.

जैन परंपरेत अभयदानाला दानांमध्ये श्रेष्ठ स्थान आहे. सामान्यतः त्याचा अर्थ जीवदान असा घेतला जातो. पण शब्द ‘अभय’ आहे. जो वाचला पण रोज थरथरतो, त्याला दान अजून पूर्ण मिळालेले नाही. या दानाला संपत्ती लागत नाही. रोजची दहा मिनिटे, स्थिर आसन आणि नकार ऐकण्याची तयारी एवढेच लागते.

आरंभी ज्या घराचे चित्र उभे केले, त्या घरात पंधराव्या दिवशी कुत्रे सोडून देण्याची चर्चा होते. त्या चर्चेच्या वेळी कोणीतरी म्हणावे, “अजून एक महिना थांबू. कोणी ओढू नका, कोणी हाक मारू नका. रोज संध्याकाळी आजी तिथे माळ घेऊन बसतील.” मग एखाद्या संध्याकाळी पलंगाखालून ते कुत्रे पुढे सरकेल आणि आजींच्या गुडघ्याला हनुवटी टेकवील. आजींनी माळ संपेपर्यंत हलू नये. माळ बाजूला ठेवल्यावर मग हाताची उलटी बाजू त्याच्या खांद्याला अलगद लावावी, आणि तीन सेकंदांनी काढून घ्यावी.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या सभागृहातून परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एका तरी जीवाला असे अभय लाभो, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.